चिंच-मीठ, टूथपेस्ट आणि जुनी नाणी: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

दिवाळी जवळ आली की एक संदेश मोबाइलवरून फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा: घरातली जुनी नाणी काळी पडल्यामुळे त्यांना भाव येत नाही, म्हणून तांब्याची नाणी चिंच-मिठाने आणि चांदीची टूथपेस्टने घासून लख्ख करावीत, रुपया खरा की खोटा हे फरशीवर वाजवून पाहावे, मग नाणी प्लास्टिकच्या पाकिटात बंद करावीत, हाताळताना सुती हातमोजे घालावेत आणि लाखोंची किंमत घ्यावी. यातली हातमोज्यांची सूचना तेवढी निम्मी बरोबर आहे. बाकीच्या सूचना पाळल्या तर होणारे नुकसान भरून येत नाही, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

पहिला मुद्दा काळेपणाचा. नाण्यावरचा काळपट थर म्हणजे मळ नव्हे. चांदीवर हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे चांदीच्या सल्फाइडचा थर चढतो, तर तांब्यावर आधी तपकिरी ऑक्साइड आणि पुढे कधी हिरवट कार्बोनेट तयार होते. हे थर बहुधा स्थिर असतात आणि खालच्या धातूला काही प्रमाणात जपतात. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ ही अक्षरे असलेली शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे नाणे) पाहताना जाणकार हा एकसारखा मुरलेला रंगच आधी पाहतो. घासलेली शिवराई गुलाबी-केशरी दिसते, आणि तिला चिंच लागली आहे हे हातभर अंतरावरून कळते.

चिंचेतले टार्टारिक आम्ल हा थर विरघळवते, आणि थर जेथे धातूत खोल शिरला असेल तेथे मागे खड्डे राहतात. मीठ तर त्याहून वाईट. मिठातले क्लोराइड तांब्याच्या बारीक छिद्रांत शिरून बसते, आणि पावसाळ्यातली दमट हवा लागली की त्यातून आम्ल तयार होऊन ते धातू खाते व पुन्हा क्लोराइडच तयार करते. हे चक्र आपोआप चालू राहते. नाण्यावर फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी दिसू लागली, तर तो हाच विकार. संग्राहक त्याला ‘ब्रॉन्झ डिसीज’ म्हणतात. समई चिंचेने घासावी, तिचे काम उजेड देण्याचे आहे. नाण्याचे सगळे मोल त्याच्या पृष्ठभागावर असते.

टूथपेस्टचा परिणाम मी घरातच पाहिला आहे. माझ्या मावशीच्या देवघरात पाच राणीछाप रुपये आहेत. दर लक्ष्मीपूजनाला ते दूधपाण्याने धुऊन आधी राखुंडीने आणि अलीकडे टूथपेस्टने घासले जातात. त्यातल्या चार रुपयांवर व्हिक्टोरिया राणीच्या केसांच्या लाटा सपाट होऊन गेल्या आहेत, आणि भिंगाखाली गालावर सुईने ओढल्यासारख्या असंख्य समांतर रेघा दिसतात, कारण टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी घातलेली खरखरीत पूड असते. पाचवा रुपया कधीतरी डब्याच्या तळाशी राहून गेला. काळा आहे, पण मुकुटावरची नक्षी मोजता येते. टांकसाळीत ठसा पडताना धातू केंद्राकडून कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात. न वापरलेले नाणे उजेडात फिरवले की चाकाच्या आऱ्यांसारखी जी झळाळी फिरते, ती या रेषांची. घासल्यावर नाणे चकाकते, पण ही झळाळी गेलेली असते. शिवाय १८६२ हे साल पुढची काही वर्षे पाडलेल्या रुपयांवरही तसेच ठेवले होते, आणि त्यांतले प्रकार संग्राहक मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून ओळखतात. ठिपके झिजले की त्या रुपयाची ओळखच पुसली जाते.

रुपया वाजवून घेण्याची रीत बाजारात कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेला चांदीचा रुपया, चालत होता तेव्हाची आहे. ‘खणखणीत नाणे’ हा शब्दप्रयोग तिनेच दिला असावा, असे मला वाटते. मात्र फरशीवर पडलेल्या नाण्याच्या कडेला खोक पडते. राणीछाप रुपयाचे प्रमाणित वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी ९१.७ टक्के असते; वाजवण्याऐवजी सोन्या-चांदीच्या तराजूवर वजन केले आणि लोहचुंबक लावून पाहिला तर निदान ढोबळ बनावट उघडी पडते.

प्लास्टिकचे सगळे प्रकार सारखे नसतात. मऊ, वासाची पाकिटे बहुधा पीव्हीसीची असतात. काळाने त्यांतून झिरपणाऱ्या द्रव्यांमुळे नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. पॉलिएस्टरची पाकिटे किंवा कडक पारदर्शक कॅप्सूल (नाण्याच्या मापाच्या डब्या) वापरावेत आणि डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद चांदीपासून दूरच बरे.

हातमोज्यांचे म्हणाल तर सुती मोज्यांतून नाणे निसटते. हात धुऊन, पूर्ण कोरडे करून, नाणे अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये फक्त कडेने धरावे आणि खाली टॉवेलची घडी ठेवावी. बोटांच्या घामातले क्षार चकचकीत नाण्यावर ठसा सोडतात आणि तो पुढे निघत नाही. नाणे तोंडाजवळ धरून बोलूही नये. थुंकीचा शिंतोडाही डाग सोडतो.

माती खरोखरच चिकटली असेल तर नळाचे नव्हे, डिस्टिल्ड पाणी घ्यावे; त्यात नाणे भिजवावे आणि मऊ कापडाने न घासता टिपावे. तेलकटपणा किंवा पीव्हीसीचा थर शुद्ध ॲसिटोनने निघतो. मात्र ते लवकर पेट घेते, म्हणून खिडकी उघडी आणि देवघरातला दिवा दूर हवा.

राहिली लाखांची गोष्ट. असे व्यवहार कधी रिझर्व्ह बँकेच्या नावावर खपवले जातात, पण बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले होते की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि अशा व्यवहारासाठी ती कोणतेही शुल्क वा कमिशन मागत नाही.

मावशीच्या पूजेला मी अडवलेले नाही. यंदा काळा रुपया कॅप्सूलमध्ये बसवून तबकात मांडला. हळद-कुंकू तिने कॅप्सूलच्या झाकणावर वाहिले, आणि घासायला झिजलेले चार आहेतच.