स्टिमॅक नव्हे, श्टिमात्स

क्रोएशियातल्या स्प्लिटच्या एका हॉटेलात मी तीन वर्षांपूर्वी स्वयंपाकी म्हणून आलो. पहिल्याच आठवड्यात ग्रिलवरच्या पन्नाशीच्या गड्यानं विचारलं, "इंडियाचा ना तू? आमच्या इगोरचं काय चाललंय तिकडे?" कोण इगोर, मला कळेना. भारताच्या फुटबॉल संघाचा तेव्हाचा क्रोएशियन कोच, आपण ज्याला 'स्टिमॅक' म्हणत होतो, त्याचं आडनाव इथे 'श्टिमात्स' असं म्हणतात. शिव्याही चुकीच्या नावानं घातल्या आपण.

इगोर मेत्कोविचचा. नेरेत्वा नदीकाठचं, संत्र्यांच्या बागांमधलं गाव, आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगुडापेक्षा थोडं मोठं. हायदुक स्प्लिट या इथल्या क्लबनं त्याला घडवलं. 1987 मध्ये चिलीत युगोस्लाव्हियाच्या पोरांनी 20 वर्षांखालचा विश्वचषक जिंकला, त्या संघात तो होता. 1991 मध्ये बेलग्रेडला तिथल्याच रेड स्टार क्लबविरुद्ध हायदुकची युगोस्लाव्ह चषकाची फायनल झाली. देश फुटायच्या बेतात होता. हायदुकनं 1-0 नं जिंकली, पण त्याला आणि समोरच्या सिनिशा मिहायलोविचला एकदमच बाहेर काढलं. बंगळुरूला 2023 च्या सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेत श्टिमात्सनं पाकिस्तानी खेळाडूच्या हातातला बॉल हिसकावला आणि लाल कार्ड घेतलं, तेव्हा आपल्याकडे लोक चकित झाले. ग्रिलवाला नाही झाला. "32 वर्षांत काही फरक नाही," एवढंच म्हणाला.

1995 मध्ये तो इंग्लंडला डर्बी काउंटीत गेला. पहिल्याच सामन्यात ट्रॅनमिअरनं डर्बीला 5-1 नं धुतलं. डर्बीचा एकमेव गोल याचाच. नंतरचे सलग 20 सामने डर्बी हरली नाही आणि वरच्या लीगमध्ये गेली. पुढे 1998 चा विश्वचषक, क्रोएशिया तिसरा. त्या संघातला माणूस इथे चहा प्यायला आला तर त्याच्याकडून अजूनही पैसे घेत नाहीत.

पण कोच म्हणून? 2012 मध्ये त्याला क्रोएशियाचा राष्ट्रीय संघ दिला आणि सव्वा वर्षात काढला. स्कॉटलंडकडून दोनदा हरला. संघात मॉद्रिच, रकितिच, मांजुकिचसारखे बडे खेळाडू होते हो. निको कोवाच आला, त्यानं आइसलंडला हरवून संघाला 2014 च्या विश्वचषकात नेलं. वाद झाले असतील, पण 'क्रोएशियाचं फुटबॉल संपलं' असं कुणी म्हटल्याचं मला इथे ऐकायला मिळालं नाही. छपराचं कौल फुटलं, बदललं.

आमच्या पेठेतल्या पोरांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. 2024 च्या मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्ताननं आपल्याला 2-1 नं हरवलं, तेही कर्णधार सुनील छेत्रीच्या 150 व्या सामन्यात. त्या रात्री ग्रुपवर एकच घोष: गोऱ्याला हाकला, आपला माणूस आणा. जूनमध्ये हाकलला. स्पॅनिश मानोलो मार्केझ आले, गेले. 2025 च्या ऑगस्टमध्ये मुंबईचे खालिद जमील आले. आपलेच, 2017 ला आयझॉल क्लबला आय-लीग जिंकून देणारे. ऑक्टोबरात गोव्यातल्या फातोर्ड्याला सिंगापूरनं 2-1 नं हरवलं आणि 2027 च्या आशिया चषकाची दारं बंद झाली. ग्रुपवर तीच पोरं: भावा, परदेशी कोचशिवाय काय खरं नाही.

मी काही श्टिमात्सची वकिली करत नाही. 2024 च्या आशिया चषकात तीन सामने, तीन पराभव, एकही गोल नाही. संघ निवडीआधी खेळाडूंची यादी ज्योतिषाकडे जात होती अशी बातमी 2023 मध्ये आली. ती ग्रिलवाल्याला समजावून सांगताना माझी दमछाक झाली. तो इतका हसला की मासे करपले. पण कुवेतला जाऊन श्टिमात्सनं सामना जिंकला, 2023 च्या जुलैमध्ये संघाला पहिल्या शंभरात आणलं, हेही त्याच माणसाचं. आणि हांगझोच्या एशियाडला क्लब खेळाडू सोडेनात म्हणून संघ आदल्या दिवशी पोचला, चीनकडून 5-1 नं हरला, हे कुणाच्या खात्यात घालायचं? आपलंही 5-1, पण पुढे डर्बीसारखे 20 सामने खेळायला लीग धड हवी ना. 2025 च्या जुलैत तर आयएसएलचा, म्हणजे आपल्या मुख्य लीगचा, पुढचा हंगामच टांगणीला लागला.

यावर ग्रुपचं ठरलेलं उत्तर असतं: आपली संघटना किडलेली, तिकडं सगळं स्वच्छ. इथेच मला हसू येतं. दिनामो झाग्रेबचे सर्वेसर्वा झ्द्रावको मामिच यांना 2018 मध्ये क्लबचे पैसे लाटल्याबद्दल शिक्षा झाली आणि ते बोस्नियात जाऊन बसले. त्याच उन्हाळ्यात क्रोएशिया विश्वचषकाच्या फायनलला पोचला. वरची मंडळी खातात ती इथेही खातात.

2011 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्हा 38 लाख 76 हजार, 2021 च्या जनगणनेत अख्खा क्रोएशिया 38 लाख 71 हजार. हे मी ग्रिलवाल्याला सांगितलं आणि पश्चात्ताप झाला. वेडाच्या बाबतीत आम्ही कमी नाही, हे त्याला पटवायला सोपं होतं. इथे भिंतीभिंतीवर हायदुकची चित्रं, आमच्याकडे फुटबॉल खेळणाऱ्या तालमींचे फलक. हायदुकनं 2005 नंतर लीग जिंकलेली नाही तरी त्यांचं पोल्युदचं स्टेडियम भरतं. पाटाकडील आणि प्रॅक्टिस या आमच्या क्लबांची मॅच असली की शाहू स्टेडियमला पाय ठेवायला जागा नसते. मी त्याला व्हिडिओ दाखवला. तो गप्प बघत राहिला, मग म्हणाला, "हे आपल्यासारखेच आहेत." आपल्यासारखेच! मी त्या दिवशी त्याला तांबडा रस्सा करून घातला.

शनिवारी सकाळी मी शिफ्टला निघतो तेव्हा वाटेतल्या मैदानावर दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या मॅचेस चालू असतात. सराव नाही, मॅच: पंच, गुणतक्ता, सगळं. पावसातही. आमच्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवला 2017 च्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकापर्यंत पोचायला लहानपणीच घर सोडून पुण्याला जावं लागलं. मी लहान असताना आमच्या पेठेत आम्ही बॉल आणून द्यायला होतो, मोठ्यांच्या मॅचला.

परवा कांदे चिरताना ग्रिलवाल्यानं विचारलं, "तुझ्या क्लबचा संघ सांग." मी नव्वदच्या दशकातला अख्खा संघ सांगितला, गोलकीपरपासून, टोपणनावांसकट. तो थांबला.

"हा नाही. बारा वर्षांखालचा."

मी पुढचा कांदा घेतला.