शेलारमामा त्या रात्री मेले होते

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं आणि काय घडलं ते फाशांवर ठरवायचं) खेळत नसाल तरी वाचा, भांडण तुम्हालाही कळेल.

आज रविवारचं सेशन संपलं, मिसळ आली, आणि आमचा मास्तर (डीएमला, म्हणजे गोष्ट आणि सगळे शत्रू चालवणाऱ्याला, आम्ही मास्तर म्हणतो, तीन वर्षं तोच चालवतोय) पाव तर्रीत बुडवत सहज म्हणाला, "तुझे शेलारमामा खरं तर पुलावरच गेले होते. माझ्या फाशावर वीस पडला होता. मी सात सांगितला." आणि हसला. बाकीचेही हसले. मीही हसले, कारण तोंडात घास होता.

पूल कुठला ते माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना पाठ आहे. उरलेल्यांसाठी सांगते. शेलारमामा म्हणजे माझं कॅरेक्टर: दाढीवाला म्हातारा ड्वार्फ (बुटका), लढवय्या, तिसरी लेव्हल. २८ पैकी ४ हिट पॉइंट, म्हणजे जीव, उरलेले. दोरांचा पूल, पुलावर ओगर (धिप्पाड राक्षस), आणि मागे आमचे तिघं गावकऱ्यांना घेऊन पळतायत. मी म्हटलं, मामा पुलाच्या तोंडाशी उभे राहणार, हलणार नाहीत. चिलखत आणि ढाल धरून माझा आर्मर क्लास १८, म्हणजे मला लागायला हल्ल्याची बेरीज १८ हवी. ओगरच्या फाशात ६ मिळवतात, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा जास्त पडायला हवेत. मास्तर समोर पुठ्ठ्याचा आडोसा ठेवतो, त्या स्क्रीनमागे फासा खडखडला. मास्तर दोन सेकंद गप्प. मग, "सात. चुकला." आम्ही जे ओरडलो, त्यानं खालच्या काकू जिना चढून वर आल्या. पुढच्या पाळीला मामांनी दोर तोडले, ओगर दरीत.

दोन वर्षं हा किस्सा सांगतेय. ऑफिसात सांगितलाय, ट्रेकला सांगितलाय, सासूबाईंना सांगितलाय. (त्यांनी विचारलं, "मग पैसे किती मिळाले?") आणि आज कळतंय की ते दोन सेकंद म्हणजे मास्तर माझ्यासाठी आकडा शोधत होता.

लहानपणी वाड्यात मी कच्चा लिंबू होते. चुलतभाऊ सगळे मोठे. लपंडावात माझ्यावर राज्य नाही, क्रिकेटमध्ये दांडी उडाली तरी मी आउट नाही. ज्यांना हा लाड वाटतो ते कधी कच्चा लिंबू नव्हते. जी आउट होत नाही तिचे रन कोणी मोजत नाही! मी एकदा सलग तीन चौकार मारले होते. कुणाच्या लक्षात आहे? माझ्या.

बरं, आकडा खोटा सांगून वाचवलंस तरी काय? मास्तरला नियम माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. आम्ही खेळतो त्या पाचव्या आवृत्तीत हिट पॉइंट शून्यावर आले म्हणजे माणूस मेला असं नाही. तो पडतो. मग दर पाळीला वीस बाजूंचा फासा टाकायचा, १० किंवा वर आला तर एक यश, खाली आला तर एक अपयश, आणि आधी जे तीन होतील तो निकाल. म्हणजे वीस पडला असता तरी मामा बहुतेक नुसते कोसळले असते. मग मी फासा टाकला असता. सगळे माझ्या हाताकडे बघत बसले असते. कुणीतरी गावकऱ्यांना सोडून मागे धावलं असतं, किंवा नसतं धावलं, आणि त्यावर आम्ही वर्षभर भांडलो असतो. खरा खेळ तिथे होता, आणि तो यानं खिशात घातला. १९७४ च्या मूळ खेळात शून्य म्हणजे शून्य, मेलात, नवं कॅरेक्टर काढा. तिथे दया आली तर मी समजू शकते. इथे तर दया नियमातच लिहिलेली आहे!

हो, माहितीय, २०१४ च्या डीएमसाठीच्या पुस्तकातच म्हटलंय की स्क्रीनमागे फासे टाकलेत तर हवं तेव्हा आकडा बदलता येतो. म्हटलंय. शकुनीलाही कुणी परवानगी दिली असेल.

माझं म्हणणं साधं आहे. निकाल आधीच ठरवलाय ना? मग फासा हातात घेऊ नका. सांगा की ओगरचा पाय घसरला. मला चालेल, मी टाळ्या वाजवीन. पण फासा खडखडवून, माझा श्वास अडकवून, मग पडद्याआड हिशेब? आणि मरण नकोच असेल तर दुसरी सिस्टीम, म्हणजे वेगळ्या नियमांचा खेळ, घ्या ना. मी कधीची बोंबलतेय. अपोकॅलिप्स वर्ल्डच्या घराण्यातले खेळ घ्या, तिथे चालवणारा फासा टाकतच नाही. खेळाडूनं दोन साधे फासे टाकायचे, बेरीज १० किंवा वर आली तर जमलं, ७ ते ९ आली तर जमलं पण किंमत मोजा, ६ किंवा खाली आली की चालवणारा तुमच्यावर उलटतो. लपवायला काही उरतच नाही. ब्लेड्स इन द डार्कमध्ये तर धोका किती मोठा हे फासा टाकायच्या आधी तोंडावर सांगायचं असतं. पण नाही, आमच्याकडे भुताची गोष्ट असो की दरोड्याची, सगळं डी अँड डीतच कोंबायचं, आणि मग ते बसत नाही म्हणून आकडे बदलायचे.

मी चालवते तेव्हा फासा टेबलाच्या मधोमध पडतो. दिवाळीत भाचीचं कॅरेक्टर दुसऱ्याच तासाला गेलं. रडली. मग डोळे पुसून म्हणाली, त्याचं तेरावं करायचं. केलं, उरलेल्या करंज्या वाटून. मग तिनं त्याची बहीण काढली, सूड घ्यायला. (एकदा रात्री साडेअकराला राक्षसाचे हिट पॉइंट मीच गुपचूप कमी केले होते, सगळे पेंगत होते म्हणून. ते वेगळं. बरं, फार वेगळं नाही.)

मिसळीनंतर मास्तरला बाजूला घेऊन विचारलं, बाकीच्यांचेही आकडे बदलतोस? म्हणाला, नाही, तेवढा एकदाच. म्हणजे फक्त माझा! तिथेच त्याचं डोकं फोडणार होते. टेबलावर मी एकटीच बाई, म्हणून सांभाळून घेतलं का, हे अगदी जिभेवर आलं होतं.

तेव्हा तो म्हणाला, "तो आठवडा आठव."

आठवला. त्या शुक्रवारी माझी नोकरी गेली होती. वीस मिनिटांचा कॉल, लॅपटॉप परत. घरी सांगितलं नव्हतं. टेबलावर फक्त त्याला माहीत होतं, कारण त्याच्याच गाडीवरून आले होते आणि सिग्नलला रडले होते. आणि दोन तासांनी तीच बाई म्हणत होती, मामा हलणार नाहीत.

त्या रात्री घरी जाऊन मी पहिल्यांदा पोटभर जेवले होते. तेही आठवलं.

तरीही. तरीही मला तो फासा बघायचा होता, मास्तर. तू गाडीवर सोडलंस, चहा पाजलास, तेवढं पुरे होतं. मामांना मध्ये कशाला घेतलंस?

अर्ध्या तासापूर्वी त्याचा मेसेज आलाय, "रागावलीस?" उत्तर इथेच देते, तो वाचतोच. येत्या रविवारी तोच पूल, तोच ओगर, मामांचे चार हिट पॉइंट. स्क्रीन घरी ठेवून ये. फासा मधोमध, काकूंना आधीच वर बोलवू. मेले तर तेराव्याची मिसळ तुझ्याकडून.