मेनू माझा, मांडणी त्यांची

संगणकावर साधे कॅल्क्युलेटर उघडायचे असेल, तर त्यासाठी माणसाने नेमकी किती तपश्चर्या करावी? परवा मी लाँचरमध्ये, म्हणजे प्रोग्राम शोधून उघडायच्या मेनूत, ‘कॅल’ एवढीच अक्षरे टाइप केली. कॅल्क्युलेटर वर आलेही, परंतु मी एंटर दाबणार तोच यादी डोळ्यांदेखत खाली सरकली आणि त्याच्या जागी आलेल्या वेब शोधाने कॅलरींविषयीचे पान माझ्यापुढे उघडून ठेवले. जो प्रोग्राम याच यंत्रात बसवलेला आहे, तो शोधायला इंटरनेटची वारी कशाला? मी रोज वापरतो ते चार प्रोग्राम तळाशी, आणि मी कधी मागितलेच नव्हते ते खेळ मात्र ‘शिफारस’ म्हणून मानाच्या जागी!

बरे, मांडणी स्वतः करावी म्हटले, तर चिन्हे ओढून ओढून लावलेले गट पुढच्या अपडेटमध्ये विस्कटतात. मेनूची उंची बदलता येत नाही, रुंदी बदलता येत नाही, रंग मात्र हवा तितक्या वेळा बदला. विंडोज ९५ पासून लोकांच्या हाताला बसलेला स्टार्ट मेनू २०१२ च्या विंडोज ८ मध्ये काढून स्क्रीनभर टाइल्स मांडल्या गेल्या आणि २०१५ साली विंडोज १० मध्ये तो पुन्हा आणला गेला. मॅकवर २०११ साली आलेले, सगळ्या प्रोग्रामची चिन्हे स्क्रीनभर मांडणारे लाँचपॅडही २०२५ मध्ये असेच गेले. (लिनक्सवाल्यांनी हसू नये; तिथे सगळेच बदलता येते, म्हणून रविवार त्यातच जातो.)

सध्या मी सगळी चिन्हे डेस्कटॉपवरच पसरून ठेवली आहेत आणि मागच्या चित्रातला डोंगर मला कित्येक महिन्यांत दिसलेला नाही.