चंद्र कुठल्या दुय्यम निबंधकाच्या हद्दीत येतो?

मंगळवारी सकाळी साडेसहाला मामांचा फोन आला. इतक्या सकाळी मामांचा फोन म्हणजे एकतर कुणीतरी गेलं, नाहीतर जमिनीचं काम. "कागद पाठवला हाय व्हॉट्सॲपवर. तू फक्त टायटल पाहून सांग बाप्पा, बाकीचं मी ठरवलं हाय."

कागद उघडला. चारी बाजूंनी सोनेरी वेलबुट्टी, लाखेसारखं दिसणारं छापील सील, मधोमध नातवाचं पूर्ण नाव. खाली मिळकतीचं वर्णन: 'एक एकर, सायनस इरिडम, चंद्र.' अक्षांश-रेखांश आहेत. चतुःसीमा नाही. मी पंधरा वर्षं खरेदीखतं वाचतोय, चतुःसीमा नसलेला कागद पाहिला की माझ्या कपाळावर आपोआप आठी पडते.

नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला मामांनी हा 'प्लॉट' साडेपाच हजारांत घेतला होता, घरात कुणाला पत्ता लागू न देता. तेवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. लोक वाढदिवसाला याहून निरुपयोगी वस्तू देतात. पण त्याच लोकांनी आता 'फेज टू' काढलाय. नाव 'शिवशक्ती कमर्शियल', दहा प्लॉटचा गट, एक लाख चाळीस हजार, बुकिंग रविवारपर्यंत. मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. त्यासाठी ते एफडी मोडायला निघाले होते.

मामांना हे पटवणारा मेसेज सात मुद्द्यांचा आहे आणि तुमच्याही एखाद्या ग्रुपवर तो फिरत असणार. थोडक्यात असा: एक, चांद्रयानाला पाणी सापडलं. दोन, ऑक्सिजन सापडला. तीन, चंद्रावर कापूस उगवला, म्हणजे शेती होते. चार, तिथल्या हेलियम-३ वर जगाची वीज चालेल. पाच, २०३० पर्यंत मानवी वसाहत होणार आणि शिवशक्ती पॉइंट भारताच्या नावावर झालाच आहे. सहा, चंद्रावरची जमीन विकत घेणं पूर्णपणे कायदेशीर आहे. सात, आज हजारांत मिळणारी जमीन उद्या कोटींत जाईल.

सुरुवात सहाव्यापासून करतो, कारण पैसे त्या दारातून बाहेर जातात.

मेसेज म्हणतो, '१९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कोणताही देश चंद्रावर हक्क सांगू शकत नाही, मात्र खासगी व्यक्तींवर अशी बंदी नाही.' लिहिणारा हुशार आहे, कारण यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. बाह्य अवकाश करार २७ जानेवारी १९६७ रोजी सह्यांसाठी खुला झाला आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरपासून लागू झाला. भारताने १९६७ मध्येच सही केली, १९८२ मध्ये त्याला रीतसर मंजुरी दिली. शंभराहून अधिक देश त्यात आहेत, अवकाशात जाणारे सगळे बडे देश धरून. कलम २ एका वाक्याचं आहे. त्याचा मतितार्थ असा, की सार्वभौमत्वाचा दावा करून, वापर किंवा कब्जा करून, अथवा इतर कोणत्याही मार्गाने चंद्र किंवा दुसरी कुठलीही खगोलीय वस्तू राष्ट्राच्या मालकीची करता येणार नाही. आणि हो, त्या कलमात 'व्यक्ती' हा शब्द नाही. हे मी नाइलाजाने मान्य करतो, कारण मामांनी तेवढ्यावरच बोट ठेवलं होतं.

आता माझा धंदा काय आहे ते सांगतो. माणूस जमीन घ्यायच्या आधी माझ्याकडे येतो आणि मी तीस वर्षांचा सर्च काढतो. विकणाऱ्याने कुणाकडून घेतली, त्याला वारसाने आली की वाटणीने, फेरफार कितवा, मध्ये कुणाचा बोजा आहे का. (सातबारा हा मालकीचा पुरावा नाही, ती महसुली नोंद आहे, हे वाक्य मी आठवड्यातून चारदा म्हणतो, तेव्हा इथेही म्हणून घेतो.) असं मागे मागे जात राहिलं की साखळीच्या टोकाला कुणीतरी देणारा भेटतो. इनाम असेल, पट्टा असेल, सरकारी वाटप असेल. आपल्या महसूल संहितेचं कलम २० तर सरळ सांगतं की जी जमीन दुसऱ्या कुणाची नाही ती सरकारची. चंद्रावर हे टोकच कापून टाकलंय. तिथे सरकार व्हायलाच सगळ्यांना मनाई आहे, मग पहिला पट्टा दिला कुणी? देशाला मिळत नाही म्हणून ते रान व्यक्तीला मोकळं, हे गणित उलटं आहे. देशाला मिळत नाही म्हणून तर व्यक्तीला देणारा कुणी राहत नाही. शिवाय त्याच करारातलं कलम ६ म्हणतं की खासगी मंडळी अवकाशात जे काही करतील त्याला त्यांच्या देशाची परवानगी आणि देखरेख लागेल, आणि जबाबदार तो देशच राहील. मेसेज लिहिणाऱ्याचं वाचन कलम २ वर संपलेलं दिसतं.

मग या साखळीत पहिलं नाव कुणाचं आहे? डेनिस होप नावाच्या अमेरिकन माणसाचं. त्याने १९८० मध्ये चंद्र आपला असल्याचं जाहीर केलं आणि तसं संयुक्त राष्ट्रांना पत्राने कळवलं. उत्तर आलं नाही. उत्तर नाही म्हणजे हरकत नाही, असं धरून त्याने एकरांनी विक्री सुरू केली. उद्या मी अकोल्याचा असदगड किल्ला माझा आहे असं पत्र वर पाठवतो. त्याचंही उत्तर येणार नाही. मग लावू का बुरुजावर तिकीट?

याच तर्काची कोर्टातही एकदा परीक्षा झाली आहे. ग्रेगरी नेमित्झ या गृहस्थांनी इरॉस नावाचा लघुग्रह आपला असल्याची इंटरनेटवर नोंद केली. २००१ मध्ये नासाचं यान त्या लघुग्रहावर उतरलं, तेव्हा त्यांनी नासाला पार्किंगचं बिल पाठवलं, वीस डॉलर. नासाने दिलं नाही. प्रकरण अमेरिकी कोर्टात गेलं, २००४ मध्ये दावा फेटाळला गेला आणि अपिलातही तेच झालं. कोर्टाने पाहिलं ते एवढंच, की कायद्याने ओळखावा असा मालकीहक्क या माणसाकडे आहे का. नव्हता. नेमित्झचं हे प्रकरण मी मामांना पुरतं वाचून दाखवलं. वीस डॉलरच्या बिलावर ते इतके हसले की आता विषय मिटला असं मला वाटलं. मिटला नव्हता.

कारण त्यांचा पुढचा प्रश्न होता, "मंग हे नोंदणी क्रमांक कायचा?" तो क्रमांक विकणाऱ्याने स्वतःच्या वहीत घातलेला आहे. आपल्याकडे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ नुसार नोंदणीकृत दस्त लागतो. तो दस्त नोंदणी कायद्याच्या कलम २८ नुसार मिळकत ज्याच्या हद्दीत आहे त्या दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. सायनस इरिडम कुणाच्या हद्दीत येतं? बार्शीटाकळीच्या की मूर्तिजापूरच्या? मुद्रांक कितीचा लावला, मोजणी कुणी केली, ताबापावतीवर साक्षीदार कोण? मी हे विचारत गेलो आणि मामा गप्प होत गेले. ताबा हा शब्द मात्र त्यांना लागला. गावाकडचं अर्धा एकर भावकीत अडकल्यापासून ताबा म्हणजे काय ते त्यांना माझ्याहून चांगलं कळतं.

हे लोक एक पळवाट दाखवतात, तीही सांगून टाकतो. २०१५ मध्ये अमेरिकेने कायदा केला, की त्यांच्या नागरिकाने अवकाशातून काढलेलं खनिज त्याच्या मालकीचं. चंद्रमोहिमांसाठी अमेरिकेने पुढे केलेला आर्टेमिस करारनामाही खनिज काढायला आडकाठी करत नाही आणि त्यावर भारताने जून २०२३ मध्ये सही केली आहे. यावर जाणकारांत वाद आहेत, ते असू द्या. पण नदीतली वाळू काढायचा परवाना मिळाला म्हणून नदी नावावर होत नाही. वाळूचं एवढं राजकारण रोज बघणाऱ्या जिल्ह्यात हे उदाहरण द्यावं लागतंय!

शिवशक्तीचंही तेच. चांद्रयान-३ जिथे उतरलं त्या जागेच्या नावाला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. नावाला. चंद्रावरच्या विवरांना कोपर्निकसपासून विक्रम साराभाईंपर्यंत अनेकांची नावं आहेत, त्यांच्या वारसांनी अजून फेरफार टाकलेला नाही.

आता बाकीचे मुद्दे पटापट.

पाणी आहे. त्याबद्दल अभिमान मलाही आहे. चांद्रयान-१ वरच्या नासाच्या उपकरणाने २००९ मध्ये त्याच्या खुणा दाखवल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नासाने कॅबियस विवरात रॉकेटचा रिकामा टप्पा मुद्दाम आपटवला, तेव्हा उडालेल्या मातीत वजनाने सुमारे साडेपाच टक्के पाणी निघालं. पण मामांचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. जमिनीत पाणी असणं आणि ते घोटभर पिता येणं यातला फरक तिथल्या माणसाला मी सांगायचा? तिकडचा बर्फ मातीत मिसळलेला, ज्या विवरांच्या तळाशी कधीच ऊन पोचत नाही तिथे आहे. लोणार काठावरून पाहिलंय ना? ते दोन किलोमीटरही रुंद नाही. दक्षिण ध्रुवावरचं शॅकलटन विवर २१ किलोमीटर रुंद आणि चार किलोमीटर खोल आहे, तळाशी कायमचा काळोख आणि उणे १८० अंशांच्या आसपास तापमान. तिथे उतरून माती खणायची, वर आणायची, वितळवायची, गाळायची. चांद्रयान-३ तर ध्रुवापासून सहाशे किलोमीटर अलीकडे उतरलं, म्हणजे अकोल्याहून मुंबई लागते जवळपास तेवढं. 'शिवशक्तीच्या शेजारी पाण्याची सोय' हे विकणाऱ्याच्या पदरचं.

ऑक्सिजन सापडला म्हणजे दगडात सापडला. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान गाडीने लेझर मारून मातीतली मूलद्रव्यं तपासली, त्यात गंधक, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह यांच्याबरोबर ऑक्सिजनही होता. तसा तो मामांच्या अंगणातल्या काळ्या फत्तरातही आहे. त्यावर श्वास घेऊन बघा.

कापूस उगवला हेही खरं. विदर्भात हा मुद्दा जोरात चालणार हे मेसेज लिहिणाऱ्याला बरोबर कळलंय. चीनच्या चांगई-४ यानाने जानेवारी २०१९ मध्ये एका बंद डब्यात सरकीचं बी रुजवलं. हवा, पाणी, माती सगळं पृथ्वीवरून नेलेलं. चंद्रावरची रात्र पडली आणि रोप गोठून मेलं. ती रात्र आपल्या चौदा दिवसांची असते. चांद्रयान-३ चा लँडर विक्रम आणि प्रज्ञान सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच रात्रीत झोपले ते उठलेच नाहीत, आणि ती यंत्रं होती. दिवसाही तिथली जमीन भलतीच विक्षिप्त आहे. विक्रमच्या तापमापीने वर पन्नासच्या पुढे अंश दाखवले आणि चार बोटं खाली, आठ सेंटिमीटरवर, उणे दहा. पेरणी नेमक्या कुठल्या थरात करायची?

हेलियम-३ सोडून देतो. मातीत ते अब्जात काही भाग एवढंच आहे आणि ते जाळून वीज करणारी भट्टी जगात एकही नाही.

राहिला २०३०. आजवर बारा माणसं चंद्रावर चालली, शेवटची दोन डिसेंबर १९७२ मध्ये. सगळ्यात लांबचा मुक्काम जेमतेम पंचाहत्तर तासांचा. अमेरिकेने २०१९ मध्ये सांगितलं होतं की २०२४ ला पुन्हा माणूस उतरवू. ते साल येऊन गेलं. भारताचं जाहीर उद्दिष्ट भारतीय माणूस २०४० पर्यंत चंद्रावर उतरवण्याचं आहे. उतरवण्याचं, नांदवण्याचं नव्हे. चांगई-४ नेच मोजलं, की तिथे अंगावर पडणारा किरणोत्सार अंतराळ स्थानकावरच्या माणसापेक्षाही अडीच पटींच्या वर आहे. म्हणून राहायचं तर मातीखाली किंवा लाव्हाच्या जुन्या भुयारात. तशी भुयारं आहेत आणि शास्त्रज्ञ ती मनापासून शोधताहेत, हेही खरं. अंटार्क्टिकावर आपला मैत्री तळ १९८९ पासून आहे, भारती २०१२ पासून. गोव्यातल्या वास्कोहून त्यांचा कारभार चालतो. तिथे हवा फुकट आहे, बर्फ दारात आहे आणि जहाज जातं. तरीही तिथे कुणी सोसायटी काढलेली नाही. माणसं जातात, वर्षभर काम करतात आणि घरी येतात. चंद्रावर आपल्या हयातीत झालं तर असं काहीतरी होईल: चार-सहा जणांचा पाळीने राहणारा तळ. ते झालेलं पाहायला मी जिवाचं रान करीन. पण त्यात बिनशेती प्लॉट नाहीत.

हे सगळं ऐकून मामा म्हणाले, "तुले त साऱ्याच कागदात खोट दिसते." आणि फोन ठेवला. एफडी मोडली की नाही हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सोमवारी पुन्हा साडेसहाला फोन. रविवारची मुदत त्या लोकांनी पंधरा दिवसांनी वाढवली होती आणि दहा प्लॉटचा गट एक लाख चाळीसवरून पंच्याऐंशी हजारांवर आणला होता. मामांनी तो मेसेज मला सावकाश, एकेक आकडा करून वाचून दाखवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एकदम एवढा भाव पाडला. वाद हाय काय रे त्या जागेत?"