औंधच्या राजाची चित्रे आणि एक फिरता मजकूर

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या वसाहतीच्या ज्येष्ठ मंडळींची सहल औंधला न्यायचे ठरले, आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या व्हॉट्सॲप गटात पुष्कळांच्या फोनवर आधीच येऊन गेलेला एक मजकूर पुन्हा आला. त्याचे म्हणणे असे की, औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार नव्हतेच. चित्रे पगारी माणसांची आणि सही राजाची. त्यांचे संग्रहालय म्हणजे युरोपीय चित्रांच्या नकला. आणि हा सारा शौक प्रजेला दाबून ठेवून केलेला. त्यात औंध पुण्यातले समजले आहे. हे औंध सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराशी आहे.

सहीचा आरोप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला मजकुरात एकाही चित्राचा आधार दिलेला नाही. बाळासाहेबांचा जन्म 1868 चा. 1909 साली ते गादीवर आले आणि 1916 साली त्यांनी काढलेल्या चित्रांचे ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध झाले. ती चित्रे मला श्रेष्ठ वाटत नाहीत, त्यांतील माणसे रंगमंचावर उभी असल्यासारखी दिसतात. पण नेमका हाच माझा मुद्दा आहे, कारण रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे संग्रही ठेवणाऱ्या राजाला केवळ नावच मिळवायचे असते, तर त्याने याहून सराईत हात सहज विकत घेतला असता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक (जुनी हस्तलिखिते ताडून पाठ ठरवलेल्या) आवृत्तीच्या मुखपृष्ठानंतरच्या पानावर संपादक म्हणून विष्णु सीताराम सुखटणकरांचे आणि प्राचीन नमुन्यांवरून चित्रे काढणारे म्हणून बाळासाहेबांचे नाव छापलेले आहे. त्या कार्याला त्यांनी पैसा तर दिलाच; शिवाय पात्रांची वस्त्रे, दागिने आणि शस्त्रे कल्पनेने रंगवण्याऐवजी जुन्या शिल्पांत आणि भित्तिचित्रांत शोधण्याची शिस्त स्वीकारली. पात्राचा पेहराव नेमका कसा काढावा, ही अडचण जो स्वतः रेषा ओढतो त्यालाच जाणवते.

नकलांचे म्हणणे अर्धे खरे आहे. डोंगरावरील श्रीभवानी संग्रहालयात पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती आहेत; परंतु ज्या काळी खेड्यातील मुलाला युरोपातील चित्र पाहण्याचा दुसरा मार्ग नव्हता, त्या काळी चांगली प्रतिकृती हे शिक्षणाचे साधन होते. त्याच संग्रहालयात इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे माता आणि बालक हे मूळ पाषाणशिल्प आहे, ते मात्र मजकूर लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटले. शिवाय ही इमारत 1938 साली संग्रहालयासाठीच उभी राहिली. ती राजवाड्यातील बंद दालने नव्हती.

प्रजेला दाबून ठेवल्याचा आरोप तर तारखांपुढेच टिकत नाही. त्याच 1938 साली बाळासाहेबांनी आपले अधिकार प्रजेकडे सोपवण्याचे जाहीर केले, आणि गांधीजींच्या सल्ल्याने, पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन व बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पा पंत यांच्या सहभागातून तयार झालेली, ग्रामपंचायतींवर उभी असलेली राज्यघटना 1939 च्या जानेवारीत अमलात आली. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला कैद्यांची भिंतीविना वसाहतही याच राज्यात वसली.

संग्रहासाठीचा पैसा संस्थानाचाच होता, हे मात्र मान्य करायला हवे, आणि एका लहान, विखुरलेल्या संस्थानाने चित्रांवर किती खर्च करावा, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. तो आम्ही मूर यांच्या शिल्पासमोर उभे राहून जरूर विचारू.