सापडलेली वस्तू

डॉक्टरांनी रक्तातली साखर पाहून रोज चार किलोमीटर चालायला सांगितलं. गावातून चाललं की दर दहा पावलांवर “कुठं निघाले गुरुजी?” होतं आणि एका चहाला नाही म्हणेस्तोवर दुसरा येतो. म्हणून मी शेतांकडं जाणाऱ्या पांदणीनं जातो. परवा पांदणीच्या वळणावर, ऐन फुलातल्या पळसाला, माझी पेरणीची तिफण उलटी टांगलेली दिसली.

माझी म्हणजे माझीच. खोडाला तडा गेला तेव्हा वडिलांनी आवळलेली तार अजून तिथंच होती. तिन्ही फण आभाळाकडं, त्यांना चुना फासलेला, नळ्यांना लाल सूत गुंडाळलेलं. खाली बांबूला पाटी : ‘मौन. माध्यम : सापडलेली वस्तू, सूत, चुना.’

सापडलेली! अहो, हरवली कुठं होती? शेतातल्या कोठ्यामागं भिंतीला टेकून उभी होती. पंधरा वर्षं उभी होती, हे कबूल. पण मीही निवृत्त होऊन बारा वर्षं ओसरीवर बसलोय. मला कोणी सापडला म्हणून उचलून नेत नाही.

तार चाचपायला हात पुढं केला, तोच मागून आवाज आला, “गुरुजी, हात नोका लावू. कला हाय थे.”

बोलणारा प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. गळ्यात ओळखपत्र, हातात बकऱ्या हाकायची काठी. नाव सांगत नाही, मला याच गावात राहायचं आहे. चौथीत माझ्याकडं दोन वर्षं होता. पाढे येत नाहीत म्हणून मी त्याला वर्गाबाहेर उभं करायचो आणि तो तिथूनच बोरं खायला पळायचा. शिक्षा नक्की कोणाला होती हे मला कधी कळलं नाही. शहरातून आलेल्या कलाकार पोरापोरींनी त्याला रोजानं राखणीला बसवलं होतं आणि झाडाभोवती चुन्याची रेघ आखून दिली होती. मी रेघेच्या आत होतो.

“पहिले बाहीर व्हा,” तो म्हणाला. “मंग बोला.”

चौतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस निमूट रेघेबाहेर जाऊन उभा राहिला.

“अरे, ही माझी तिफण आहे.”

“हाय ना. मीनंच तं दाखोली त्यायले.”

“मग?”

“मंग काय? तवा तिफण होती. आता थे मौन हाय.”

“कोणाचं मौन?”

“कास्तकाराचं. म्हंजे तुमचंच. तुमी बोलत नाही, असं हाय थे.”

“मी आत्ता बोलतोय ना!”

“म्हून तं म्हंतो, हळू बोला. लोकं पाहाले येतेत. तुमी असे बोंबलसान तं त्यायले मौन कसं दिसन?”

दोन वर्षांत सातचा पाढा पाठ झाला नाही, आणि हे दोन दिवसांत!

मग त्यानं काठी बगलेत मारून मला सगळं फिरून दाखवलं. बोरीवर शेणाच्या चाकोल्यांची माळ. होळीला आमची लेकरं करतात तीच, पण इथं तिचं नाव ‘काळ’. नाल्यात उपडी मडकी. पुढं एका हिवराखाली नुसताच सुतळीचा सांगाडा.

“हे काय?”

त्यानं आवाज उतरवला. “थे बोरीच्या पाल्याचं घर होतं. माह्या बकऱ्यायनं खाल्लं.”

“मग रागावले असतील.”

“रागावतेत कायले? मॅडम खूश झाल्या. म्हन्ल्या, आता पुरं झालं. पाटीवर बकऱ्यायचं नाव बी टाकनार हायेत.”

बकऱ्यांचं नाव. माझं नाही, वडिलांचं नाही, ती तिफण घडवणाऱ्या सुताराचं तर नाहीच. वडील ज्वारी पेरायचे तेव्हा तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीवर, मूठ धरून चालायचे. मूठ ढिली पडली की पीक दाट, आवळली की विरळ. त्या वेळी ते शब्द बोलायचे नाहीत, आईनं शिदोरी आणली तरी धुऱ्यावर पोहोचल्याशिवाय मान वर करायचे नाहीत. म्हणजे मौन होतंच. पाटी तेवढी बरोबर निघाली, याचा मला जास्त राग आला.

घरी येऊन नागपूरला चित्रकला शिकणाऱ्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, हे लई जुनं आहे. मार्सेल द्युशाँ नावाच्या फ्रेंच माणसानं १९१५ मध्ये न्यूयॉर्कात बर्फ उपसायचं फावडं छताला टांगलं होतं. १९१७ मध्ये तर मुतारीचं भांडं प्रदर्शनाला पाठवलं.”

“फावडं कोणाच्या कोठ्यामागून उचललं होतं?”

“उचललं नाही. दुकानातून विकत घेतलं होतं.”

हेच तर म्हणतोय मी!

“पण ते मूळ फावडं पुढं हरवलं, मामा.”

हरवलं? म्हणजे कोणाला तरी सापडलं असेल.

कलेवर माझा राग नाही. गांधीजी आमच्या जिल्ह्यात सेवाग्रामला राहायला आले त्याच १९३६ साली त्यांच्या सांगण्यावरून नंदलाल बोसांनी फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन बांबूसारख्या खेड्यातल्याच सामानानं सजवलं, हे मी वर्गात किती वर्षं रंगवून सांगितलं. राग आहे मुरमाचा. या पांदणीत पावसाळ्यात बैल पोटापर्यंत रुततो. मागच्या हंगामात सोयाबीनची पोती आम्ही डोक्यावर वाहिली. नऊ अर्ज मी स्वतः लिहिलेत, सुवाच्य अक्षरात, एकाही अर्जात ऱ्हस्व-दीर्घाची चूक नाही. काही झालं नाही. आणि उद्घाटनाला पाहुण्यांच्या गाड्या येणार म्हटल्यावर दोन दिवसांत मुरूम पडला, रोलर फिरला. तोही पळसापर्यंतच. माझं शेत पळसाच्या पुढं आहे. कास्तकाराचं मौन म्हणे! नऊ अर्ज काय मुक्यानं लिहिले?

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. राखणदार खुर्चीतून उठला नाही.

“होळीपर्यंत हाय थे. मंग घेऊन जा. चुना मातर तुमालेच खरडा लागन.” मग जरा थांबून म्हणाला, “गुरुजी, याच्यावर चाडं होतं ना? मॅडम इचारत होत्या. असन तं पैसे देतो म्हन्ल्या.”

चाडं आमच्या स्वयंपाकघरात आहे. बायको त्यात लसूण ठेवते. रात्री जेवताना हे सगळं तिला सांगितलं, जरा तावातावानंच. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “किती देतात?”

वडिलांच्या मुठीखालचं चाडं विकायचं नाही, असं मी बजावलं. ती काही बोलली नाही.

सकाळी उठून पाहतो, तर लसूण परातीत होता.