'नीटला नंबर लागला नाही म्हणून पब्लिक हेल्थ?' : त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

बारावीचे आणि नीटचे निकाल लागले की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच असतात. जीव वाचवतात ते डॉक्टर, सार्वजनिक आरोग्यवाले नुसते फॉर्म भरतात. एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, हा एमबीबीएसला नंबर न लागलेल्यांचा कोर्स आहे. डॉक्टर नसाल तर या क्षेत्रात कुणी विचारत नाही. करोना संपला, मागणीही संपली. आणि नोकऱ्या कंत्राटी, पगार तुटपुंजा, तेव्हा पोरांना तिकडे पाठवू नका.

यातले पहिले चार मुद्दे साफ चुकीचे आहेत. पाचवा अर्धा खरा आहे. मुलं असल्या मेसेजवरून आयुष्याचे निर्णय घेतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

'जीव डॉक्टर वाचवतात, बाकीचे फॉर्म भरतात'

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांना नारूबद्दल विचारा. पायावर फोड यायचा, तो फुटायचा आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकं बाहेर काढायचा. कधी कधी तो जवळजवळ मीटरभर लांब असायचा. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, जपून. मध्येच तुटला की पाय सुजायचा, पिकायचा आणि माणूस अंथरुणाला खिळायचा. राजस्थान, मध्य प्रदेश, कर्नाटकात हा रोग होता, तसा महाराष्ट्रातही होता.

डॉक्टरांकडे नारूवर औषध नव्हतं. आजही नाही. लसही नाही. तरी भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

हे कसं झालं ते नीट बघण्यासारखं आहे. फोड आलेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरतो. पाय पाण्यात बुडाला की जंत हजारो अळ्या सोडतो. पाण्यातले सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव त्या अळ्यांना गिळतात आणि ते पाणी प्यायलेल्या माणसाला साधारण वर्षानं नारू होतो. ही साखळी समजली की ती कुठे तोडता येईल हेही दिसतं. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधले, हातपंप बसवले, पाणी फडक्यानं गाळून घ्यायला शिकवलं, विहिरींत सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस हे औषध टाकलं. आणि गावोगाव, घरोघर फिरून प्रत्येक रुग्णाची नोंद केली. ज्या 'फॉर्म'ला नावं ठेवली जातात तो हाच. ती नोंद नसती तर कुठल्या गावातल्या कुठल्या विहिरीपासून सुरुवात करायची हे कुणालाच कळलं नसतं.

जुनी गोष्ट वाटत असेल तर जानेवारी २०२५ मधलं पुणे आठवा. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडायला लागले. आधी जुलाब, मग काही दिवसांनी हातापायांतली ताकद जायची. काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. संशयित धरून आकडा दोनशेच्या पुढे गेला. आयसीयूतल्या डॉक्टरांनी आणि नर्सनी या रुग्णांसाठी जिवाचं रान केलं, त्याबद्दल दुमत असूच शकत नाही. पण आयसीयूत उभं राहून पुढचा रुग्ण थांबवता येत नाही. रुग्णांची घरं नकाशावर मांडावी लागतात, प्रत्येक घरी जाऊन पाणी कुठलं पिता, जुलाब कधी झाले, बाहेर काय खाल्लं ते विचारावं लागतं. विहिरी, टँकर, खासगी आरओ प्लांट, सगळीकडचे नमुने घ्यावे लागतात. हे काम झालं तेव्हा संशय पाण्यावर गेला. राष्ट्रीय विषाणू संस्थेला रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला.

पाण्याचं काम किती बारकाईचं असतं ते ग्रामपंचायतीच्या पातळीवर अगदी जवळून दिसतं. एक हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, हे प्रमाण जलसुरक्षकाला पाठ असतं. नंतर ओटी टेस्ट करायची: काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. इथवर कुणीही करेल. जाणकार माणूस नमुना टाकीजवळच्या नळाचा घेत नाही, पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाच्या घरातला घेतो, कारण गळती आणि गटाराची घुसखोरी मधल्या वाटेत होते. आणि पाच ग्रॅम टाकूनही पाणी पिवळं होत नसेल तर तो आधी पावडरची गोणी बघायला जातो. चांगल्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. ओलसर खोलीत तोंड उघडं ठेवलेल्या गोणीतून तो उडून जातो आणि गाव इमानेइतबारे नुसती पांढरी पावडर पाण्यात टाकत राहतं. गोणी बदलली गेली आणि त्या पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली नाही, तर त्याची बातमी होत नाही. सार्वजनिक आरोग्याचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे. बऱ्या झालेल्या रुग्णाला चेहरा असतो, न पडलेल्या रुग्णाला नसतो. म्हणून लोकांना वाटतं की इथे कुणी काही वाचवलंच नाही.

'नंबर न लागलेल्यांचा कोर्स'

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग, दोघंही एमडी. त्यांचे 'नंबर' केव्हाच लागलेले होते. तरी दोघं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकले आणि परत येऊन गडचिरोलीत कामाला लागले.

तिथे नवजात बाळं मरत होती आणि दवाखाना लांब होता. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं: बाळाचं वजन घेणं, ताप बघणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं, गरज पडली तर इंजेक्शन देणं. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे श्वास मोजावे लागतात आणि दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास हा धोका मानतात. ज्या बाईला साठपर्यंत मोजता येत नाही तिनं काय करायचं? त्यासाठी मण्यांचं एक साधं यंत्र बनवलं. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळाला न्यूमोनिया आहे असं समजायचं.

३९ गावांत हा उपाय केला, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि २०११ पासून घरोघरी नवजात बालसेवा हा देशाचा कार्यक्रम झाला. आज बाळंतिणीच्या घरी आशाताई ठरलेल्या दिवशी वजनकाटा घेऊन येते, ती यामुळे.

यात वैद्यकीय ज्ञान लागलंच, ते नाकारत नाही. पण गावांची निवड कशी करायची, प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद कशी पडताळायची, घटलेले मृत्यू आपल्या उपायानं घटले की आपोआप, हे ठरवायचं तंत्र वॉर्डात शिकायला मिळत नाही. ते वेगळं शास्त्र आहे आणि ते शिकायला चांगली डोकी लागतात.

'डॉक्टर नसाल तर कुणी विचारत नाही'

१९९४ मध्ये सुरतेत प्लेग पसरला आणि लाखो माणसं शहर सोडून पळाली. खानदेशातल्या कितीतरी घरांतली माणसं तेव्हा तिथल्या मिलांत आणि लूमवर होती, त्यांना ते दिवस सांगायला नकोत. त्यानंतर शहराचा कायापालट केला तो १९९५ मध्ये आलेल्या महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी. ते डॉक्टर नव्हते, आयएएस अधिकारी होते. कचरा रोज उचलला जाईल, गटारं वाहती राहतील, खानावळी स्वच्छ राहतील आणि अधिकारी सकाळी कार्यालयात न बसता वॉर्डात दिसतील, हे त्यांनी पाहिलं. सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे आपण सगळे भाषणांत वापरतो. ते काम ज्या संस्थेकडे आहे ती मुंबईत देवनारला आहे, आयआयपीएस (आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था), आणि तिथे संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्राची मुलं शिकतात. डासांचा अभ्यास करणारे कीटकशास्त्रज्ञ लागतात. पुदुच्चेरीच्या व्हीसीआरसी या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संस्थेत त्यासाठी खास एमएस्सी आहे. टीआयएसएसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत) एमपीएचला कुठल्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. बीएएमएस किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली मुलं सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी झाली आहेत आणि बऱ्याच गावांत रक्तदाब-मधुमेहाची पहिली तपासणी तीच करतात.

एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी. महाराष्ट्रात तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी ही पदं डॉक्टरांकडेच जातात. नुसत्या एमपीएचवर तिथे पोचता येणार नाही, आणि एमपीएच म्हणजे रुग्ण तपासायचा परवानाही नव्हे. कॉलेजच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं.

'करोना संपला, मागणी संपली'

भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ चा. पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र २७ मार्च २०१४ चं. तरीही आज पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की त्याच्या शौचाचे दोन नमुने, किमान चोवीस तासांच्या अंतरानं, चौदा दिवसांच्या आत घेऊन बर्फात प्रयोगशाळेला धाडावे लागतात. रोग गेल्यावरसुद्धा पाळत चालूच असते, नाहीतर तो परत आलेला कळणारच नाही. डेंग्यू, लेप्टो, क्षयरोग तर गेलेलेही नाहीत. या मुद्द्यावर आणखी शब्द खर्च करायची गरज नाही.

'नोकऱ्या कंत्राटी, पगार तुटपुंजा'

हे बऱ्याच अंशी खरं आहे आणि याचा मला मनापासून राग येतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली बहुतेक पदं अकरा महिन्यांच्या करारावर भरली जातात. साथरोगतज्ज्ञ, डेटा सांभाळणारे, कार्यक्रम समन्वयक वर्षानुवर्षं तेच काम करतात आणि दरवर्षी नव्या ऑर्डरची वाट बघतात. २०२३ मध्ये राज्यभरातले कंत्राटी आरोग्य कर्मचारी सेवेत कायम करा म्हणून संपावर गेले होते. आशाताईंना तर पगार म्हणून नव्हे, मोबदला म्हणून पैसे मिळतात.

पण यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. काम बिनमहत्त्वाचं आहे म्हणून पदं कंत्राटी राहिलेली नाहीत, सरकारनं ती तशी ठेवली आहेत म्हणून राहिली आहेत. तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचं स्वतंत्र संचालनालय आणि स्वतंत्र केडर, म्हणजे अधिकाऱ्यांचा वेगळा संवर्ग आहे, १९३९ पासून त्यांचा स्वतःचा सार्वजनिक आरोग्य कायदा आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं सगळ्याच राज्यांना असं केडर उभं करायला सांगितलं, २०२२ मध्ये केंद्रानं त्याच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. मेसेज फॉरवर्ड करणाऱ्या प्रत्येक पालकानं आपल्या आमदाराला हा प्रश्न विचारला असता तर बरं झालं असतं: आपल्या राज्यात हे केडर कुठवर आलं?

ज्यांना तरीही या वाटेनं जायचं आहे त्यांनी फी भरण्याआधी कॉलेजला तीन गोष्टी रोखठोक विचाराव्यात. मागच्या बॅचमधली मुलं सध्या नेमकी कुठे काम करतात? शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी प्रत्यक्ष जिल्ह्यात, एखाद्या साथीत काम केलंय? दोन वर्षांत फील्डवर किती महिने जावं लागतं? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरं कॉलेज बघा. प्रवेश घेण्यापूर्वी आपल्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा आणि डेंग्यूच्या कंटेनर सर्व्हेला त्यांच्या पथकाबरोबर आठवडाभर फिरायची परवानगी मागा. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे माणसं कमीच असतात, टाकीची झाकणं उघडायला आणि बॅरलच्या तळातल्या अळ्या बॅटरीच्या उजेडात शोधायला ते तुम्हाला बहुधा नाही म्हणणार नाहीत.